माग थांबवून ऐकलेलं इंजिन

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या खोलीत खाट एकच होती आणि ती कधी थंड व्हायची नाही. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच उबेत आडवा व्हायचा. आबा, म्हणजे माझे वडील, आणि आमच्या शिंदखेड्याकडचेच आणखी दोघे अशी ती खोली होती. साडीचा पडदा मध्ये. पडद्याच्या अलीकडे माय, मी आणि बहीण, पलीकडे ती खाट. मी दहावीपर्यंतचा अभ्यास घोरण्याच्या आवाजात केला, त्यामुळे पुढे मला कुठल्याच आवाजाचा त्रास झाला नाही.

आबा कांतिभाई शेठच्या खात्यात लूम चालवायचे. सुरतेत लूमच्या शेडला खातं म्हणतात. एका छपराखाली चोवीस माग, बारा तास, आणि धोट्याची खटखट अशी की शेजारच्याशी बोलायचं तर तोंड त्याच्या कानाला लावावं लागे. मी चौथीत असतानाच आबांचे कान गेले. पूर्ण नाही, भांडं पडलेलं ऐकू यायचं, माणूस बोललेलं नाही. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. नवीन शेजाऱ्यांना वाटायचं, रोज भांडणं होतात. मायने साधं ‘जेवाले या’ म्हटलं तरी गल्लीतली कुत्री उठायची.

अशा घरातून मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. हे मी अभिमानाने लिहितो, कुणाला आवडो न आवडो. आमच्या भाऊबंदांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आबांनी माझी मार्कशीट खात्यात नेली आणि मास्तरकडून, म्हणजे तिथल्या मुकादमाकडून, ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतली. आबांना वाचता येत नव्हतं, आणि मास्तर काय वाचतोय तेही ऐकू येत नव्हतं. तरी पूर्ण वाचून होईपर्यंत ते उभे राहिले.

पुढे काय? हजीऱ्याला नवे कारखाने उभे राहत होते. तिथे अर्ज टाकले, आणखी टाकले, उत्तर नाही. कॉलेजच्या दिवसांत मी दुपारी गोडादऱ्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये काम करायचो. नोकरी लागेपर्यंत तिथेच राहू म्हटलं, आणि राहूनच गेलो. आबा माझ्या हातांकडे बघायचे आणि एवढंच म्हणायचे, “शिकीसन बी हात काळाच?” शिकूनसुद्धा हात काळेच! केरोसीनने कितीही धुतले तरी नखांत काळं राहतंच.

माझं काम कार्बोरेटरचं. आताच्या मुलांनी ही वस्तू पाहिलेलीही नसेल, म्हणून सांगतो. इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही. हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल लागतं. हे मिसळण्याचं भांडं म्हणजे कार्बोरेटर. त्यात पितळेचे बारीक भोकाचे तुकडे असतात, त्यांना जेट म्हणतात. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, लहान तर कमी. शिवाय प्रमाण कमीजास्त करायला एक स्क्रू असतो. इंजिन थंड असलं की पेट्रोल नीट उडत नाही, भिंतींना चिकटतं. अशा वेळी हवेची वाट थोडी बंद करून पेट्रोल जास्त पाजायचं, त्यासाठी चोकची दांडी ओढायची. गाडी गरम झाली की ती आत ढकलायची. बस, एवढंच. सुरतेत हे इतकं सोपं होतं की निम्मे लोक चोक वापरायचेच नाहीत. इथे थंडी कुठे पडते?

अडचण यायची ती गाडी डोंगरावर गेली की. वर हवा विरळ. भांडं पेट्रोल तेवढंच देतं, हवा मात्र कमी मिळते, म्हणून मिश्रण आपोआप जड होतं. गाडी काळा धूर सोडते, चढाला दम टाकते. म्हणून वर जाणाऱ्या गाडीला लहान जेट घालायचा. पण वर थंडीही असते, आणि थंड इंजिनाला जास्त पेट्रोल हवं! म्हणजे एकाच गाडीला एकाच सकाळी कमीही द्यायचं आणि जास्तही. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणं, हेच माझं सगळं कसब.

गिऱ्हाईकं एकेक नमुन्याची. बारडोलीचा एक ऊसवाला पटेल दर हिवाळ्यात जीप घेऊन सापुताऱ्याला जायचा आणि सकाळी ती चालू होत नाही म्हणून मला शिव्या घालायचा. एकदा त्याने माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतःच उपाय केला. इंजिनाला थंडी वाजू नये म्हणून बॉनेटखाली गोधडी घातली आणि सकाळी काढायला विसरला. जीप पहिल्या झटक्यात चालू झाली आणि पंख्याने गोधडी ओढून घेतली. मी चिमट्याने पट्ट्यातून चिंध्या काढत होतो आणि तो वर उभा राहून विचारत होता, “पण चालू तो थई ने?” झाली होती. ते नाकारता येत नव्हतं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षी कांतिभाई शेठने पेट्रोलची व्हॅन घेतली. त्यांच्या आईची, सगळे तिला बा म्हणत, एकच इच्छा होती : बद्रीनाथ. बसने जाण्याची तिची ताकद नव्हती, गुडघे संपले होते. म्हणून शेठ, त्यांची बायको हंसाबेन आणि बा असे तिघे व्हॅनने जाणार, शेठ स्वतः चालवणार. दिवाळीच्या आधी, मंदिर बंद होण्यापूर्वी. पुढच्या वर्षी बा असेलच याची खात्री कुणीच देत नव्हतं, बा स्वतःही नाही.

शेठ गाडी शोरूमवाल्याकडे नेणार होते. आबांनी खात्यात ते कसं कोण जाणे ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते शेठच्या केबिनमध्ये न बोलावता गेले. संध्याकाळी घरी येऊन मला ओरडून म्हणाले, “मी सेठले सांगी दिधं. मना पोऱ्या शिकेल शे, गाडी तोच करी.”

आधी माझ्या काळ्या हातांबद्दल बोलणारा माणूस आता त्याच हातांसाठी शब्द टाकून आला होता. वीस वर्षांच्या नोकरीत आबांनी शेठकडे कधी काही मागितलं नव्हतं. जे मागितलं ते हे. गाडी फसली असती तर शेठ मला काही बोलले नसते, मी कोण त्यांचा? पण आबांना रोज त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं.

मी झटून कामाला लागलो. पुस्तकं काढली, विरळ हवेचा हिशेब केला, लहान जेट घातला. आता थंडीचं काय? सुरतेत बसून थंडीत गाडी चालू करून कशी बघणार? मला एक युक्ती सुचली आणि तिच्यावर मी फार खूश झालो. वराछाच्या बाजूला बटाट्याचं एक कोल्ड स्टोरेज होतं. तिथला माणूस ओळखीचा. व्हॅन संध्याकाळी आत लावली आणि सकाळी जाऊन चावी फिरवली. स्टार्टर फिरला, गाडी चालू होईना. मी चोकची झडप अशी बसवली की दांडी ओढली की ती घट्ट बंद व्हावी, आणि स्क्रूने पेट्रोल वाढवलं. दुसऱ्या सकाळी एका झटक्यात चालू! बटाट्याच्या पोत्यांमध्ये उभा राहून मी एकटाच हसलो. विज्ञान शिकलेला मिस्त्री असा काम करतो, असं मनात म्हणालो.

गॅरेजचे मालक उस्ताद मुसाभाई, निरक्षर, माझे गुरू. त्यांना सांगितलं तर ते खूप हसले. “ठंडी तो तू बटाटे के गोदाम से ले आया, पहाड़ कहाँ से लाएगा?” मीही हसलो. त्यांनाही तो विनोदच वाटत होता, मलाही.

निघायच्या दिवशी बा पुढच्या सीटवर शाल घेऊन बसली. मला जवळ बोलावून म्हणाली, “अल्या, पाछी लावजे हं.” परत आण हं मला, जणू गाडी मीच चालवणार होतो. मी एका पिशवीत प्लगचा पाना, स्क्रूड्रायव्हर आणि जुना जेट बांधून हंसाबेनच्या हातात दिला. शेठच्या नाही, कारण शेठने पिशवी कुठे ठेवली ते त्यांना दुसऱ्या मिनिटाला आठवत नसे.

सहाव्या दिवशी सकाळी आबा गॅरेजमध्ये धावत आले. चालू लूम सोडून आबा कधी कुठे गेलेले मी पाहिले नव्हते. घाम, दम, आणि तो मोठा आवाज : “सेठना फोन! गाडी बंद पडनी!” रस्त्यावरच्या सगळ्यांना कळलं.

खात्याच्या केबिनमध्ये रिसीव्हर टेबलावर आडवा पडला होता. शेठ जोशीमठच्या एका पीसीओतून बोलत होते. त्यांना पाठ असलेला नंबर हा एकच. “सुभाष, तारी गाडी तो मरी गई!” एवढं कळलं. पुढचं काही नाही. केबिनच्या फळीपलीकडे चोवीस माग चालू होते. मी कान दाबला, टेबलाखाली बसलो, खुर्चीवर पडलेलं कापड डोक्यावर घेतलं. शेठ ओरडत होते आणि मला फक्त खटखट ऐकू येत होती.

मी उठून आबांना खुणेने सांगितलं : ऐकू येत नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चालत गेले आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. माग मध्येच थांबला की कापडावर आडवा पट्टा पडतो, तो नंतर जात नाही. चोवीस मागांवर चोवीस पट्टे. कारागिरांची मजुरी मीटरवर. मृत्यूची बातमी आली तरी हातातला ताका पूर्ण करून लोक उठत. शेठच्या परवानगीशिवाय त्या स्विचला कुणी हात लावत नसे, आणि आबांनी तर कधीच नाही.

सगळं थांबलं. ते खातं इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. कारागीर आपापल्या मागाजवळ उभे. मास्तर धावत आला.

“कोणे बंध कर्युं? चालू कर, अरे चालू कर!”

आबा स्विचला पाठ लावून उभे राहिले. मास्तर त्यांच्या तोंडासमोर ओरडत होता आणि आबा कानामागे हात धरून विचारत होते, “काय? काय म्हनतस?” त्यांचं बहिरेपण त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. काही कारागीर तोंड फिरवून हसत होते.

आता फोन स्वच्छ ऐकू येत होता. मी शेठना सांगितलं, गाडी बूथच्या जितकी जवळ येईल तितकी ढकलून आणा, रिसीव्हर खिडकीबाहेर धरा, आणि हंसाबेनना चावी फिरवू द्या. लोकांनी ढकलली. मी डोळे मिटले. स्टार्टरची घरघर, मग एक फुसका आवाज, पुन्हा घरघर. स्टार्टर जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी चांगली. इंजिन एकदा खोकून थांबत होतं.

“शेठ, धूर केवढा?”

“काळो, बहु काळो!”

“वास?”

“पेट्रोलनो. बा ने चक्कर आवे छे.”

आणि मला सगळं कळलं. गाडी पेट्रोलमध्ये बुडत होती. कोल्ड स्टोरेजमध्ये हवा थंड होती, पण दाट होती, सुरतेचीच हवा. तिथे चोक पूर्ण बंद करून पाजलेलं पेट्रोल इंजिनाला पचलं. जोशीमठला हवा थंडही होती आणि विरळही. हिशेब मी धावत्या इंजिनाचा केला, म्हणून जेट लहान घातला. चालू होण्याच्या क्षणाचा हिशेब बटाट्यांवर सोडला. ड्रायव्हरची चूक नव्हती, गाडीची नव्हती. माझी होती. बी.एस्सी.ची.

ते त्या वेळी मी कुणालाच सांगितलं नाही. वेळही नव्हता. बद्रीनाथच्या रस्त्याचं फाटक ठरलेल्या वेळीच उघडायचं, ते चुकलं तर दिवस गेला. तिथला मिस्त्री दुपारशिवाय येणार नव्हता. मी म्हटलं, “हंसाबेनना फोन द्या.”

हंसाबेन घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायच्या. त्यांचा हात मला माहीत होता. मी सांगितलं, इंजिन पुढच्या सीटखाली आहे, ती सीट उचला, तीन जाड काळ्या वायरी दिसतील, कुठली कुठे ते लक्षात ठेवून उपसा, खालचे पेट्रोलने भिजलेले प्लग पान्याने काढा, चहाच्या टपरीवर शेगडीजवळ धरून चांगले वाळवा आणि गरम करा, मग पुन्हा फोन लावा. त्यांनी एकदाही ‘मला जमेल का’ असं विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, “वायरने दोरा बांधुं छुं. लाल, लीलो, पीळो. भूल नई थाय.” मला हे सुचलं नसतं.

फोन ठेवला. मास्तर म्हणाला, झालं ना, आता चालू करा. आबा हलले नाहीत. त्या वीसेक मिनिटांत चोवीस माणसं नुसती उभी होती आणि कुणी कुरकुर केली नाही. एकाने मला पाणी दिलं. कुणीतरी हळूच विचारलं, “बा लई आजारी शे का?” मी म्हटलं, नाही, गाडी आजारी आहे.

पुन्हा घंटा वाजली. “बोलो हवे,” हंसाबेन म्हणाल्या. मी त्यांना मिश्रणाचा स्क्रू कुठे आहे ते सांगितलं. “मळ्यो.” तो एक पूर्ण फेरा आत. चोकची दांडी पूर्ण ओढायची नाही, निम्मीच. त्यांनी दांडीवर निम्म्यावर कंकूची रेघ ओढली, म्हणजे शेठ विसरले तरी खूण दिसेल. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून चावी फिरवायची.

घरघर. घरघर. एक झटका. मग इंजिनाने धरलं. आधी तीन पायांच्या बैलासारखं लंगडत, मग सरळ. मी रिसीव्हर कानापासून दूर धरला तरी केबिनच्या दारातल्यांना ते ऐकू आलं. आबांना नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली आणि त्यांनी स्विच वर केला.

माग सुरू व्हायच्या आधी मला एक प्रश्न ऐकू आला होता. शेठने विचारलं होतं, “उपर लई जाउं के नई?” वर आणखी चार हजार फूट होते, आणखी थंडी, आणखी विरळ हवा. मी म्हणायला हवं होतं, गाडी तिथेच ठेवा, भाड्याची जीप करा. मी म्हटलं, “जा.” का म्हटलं? अजून विचारतो स्वतःला. स्क्रू आणि रेघ यांचा भरवसा होता, हे खरं. पण आबा समोर उभे होते, हेही खरं. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला डोंगरावर पाठवताना मी माझ्या बापाच्या तोंडाकडे बघत होतो.

पुढचे आठ दिवस फोन नाही. गॅरेजमध्ये मी दोन गाड्यांचं काम बिघडवलं. उस्ताद माझ्या हातून पाना घेऊन स्वतः कामाला लागले.

व्हॅन परत आली तेव्हा तिच्यावर सगळ्या उत्तरेची धूळ होती. बा उतरली, मला पाहून म्हणाली, “लाव्यो ने!” आणलंस ना परत! वर दोन सकाळी गाडी कंकूच्या रेघेवर चालू झाली होती. मास्तरने शेठकडे आबांची तक्रार केली : विचारल्याशिवाय साचे, म्हणजे माग, बंद केले, चोवीस ताके बिघडले. शेठ दमलेले होते. म्हणाले, “साचा मारा, गाडी मारी, बा मारी. तने शुं तकलीफ?” तक्रार तिथेच संपली.

गोष्ट मात्र संपली नाही. ‘लिंबायतमध्ये बसून हिमालयातली गाडी चालू केली’ असं माझं नाव झालं. यात्रेला, लडाखला, काश्मीरला जाणारे लोक माझ्याकडे येऊ लागले. त्याच नावावर पुढे उधन्याला माझं स्वतःचं गॅरेज उभं राहिलं. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चोकच्या दांडीवर मी पिवळ्या रंगाची रेघ ओढायचो आणि मालकाला ती तीनदा दाखवायचो. लोकांना वाटे, ही काहीतरी गुप्त विद्या आहे.

आणि आबा. चहाच्या टपरीवर, लग्नात, गावच्या जत्रेत, जिथे चार माणसं भेटतील तिथे ते ही गोष्ट सांगत. ओरडून. त्यांच्या गोष्टीत गाडी थंडीने बिघडलेली असायची आणि त्यांच्या शिकलेल्या पोराने ती वाचवलेली असायची. मी बाजूला उभा राहून ऐकायचो. खरं सांगायचं वर्षानुवर्षं मनात होतं. पण आबांना काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं की गल्लीला कळे. लिहून द्यावं तर वाचता येत नाही. कानात बोलण्यासारखी गोष्ट माझ्या बापाला सांगायची सोयच नव्हती. निदान मी स्वतःला हेच कारण दिलं. खरं कारण, मला ती गोष्ट आवडायची.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. कॉम्प्युटर स्वतःच हवा मोजतो, उंची मोजतो, थंडी मोजतो. माझ्यासारख्याची गरज कुणाला? दिवसातून एखादी जुनी गाडी यायची, मग आठवड्यातून. कंबर गेली, बोटं सकाळी वळत नाहीत. याचं दुःख करत बसावं एवढीही ताकद उरलेली नाही.

एका रविवारी आबा ओट्यावर बसून कुणा पाहुण्याला तीच गोष्ट सांगत होते. ‘मना पोऱ्यानी...’ इथवर आले आणि मला एकदम थकल्यासारखं झालं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, “आबा! गाडी मीच बिघडवली होती! चोक चुकीचा बसवला होता मी! चूक माझी होती!”

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. पाहुणा चहाचा कप धरून बघत राहिला. आबांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, “मंग? चालू व्हयनी ना?”

“व्हयनी,” मी ओरडलो.

“बा जाई उनी ना?” जाऊन आली ना बा?

“हां.”

ते पाहुण्याकडे वळले आणि गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागले. आता त्यात माझी चूकही आली होती. तेवढाच फरक.

त्या वर्षी मी गॅरेज बंद केलं. माझ्या हाताखालून जेवढ्या गाड्या डोंगरावर गेल्या, त्या सगळ्या आपल्या इंजिनावर घरी परत आल्या.